उतार

आकड्यांशी माझे कधीच सख्य नव्हते. दहावीला गणितात जे गुण मिळाले ते पाहून वडील एवढेच म्हणाले, "याला अक्षरांकडेच जाऊ द्या." मी अक्षरांकडे गेलो. मराठी घेऊन एम. ए. झालो आणि आज बरीच वर्षे मंठ्याला कॉलेजात मुलांना वृत्ते आणि अलंकार शिकवतो आहे. वृत्तातल्या मात्रा मोजण्यापलीकडे मला फारशी आकडेमोड करावी लागत नाही. पगाराचा हिशेब घरात होतो, किराण्याचा हिशेब दुकानदार करतो, आणि कापसाला आज काय भाव फुटला हे मी न विचारताही मंठ्यात कोणीही सांगतो. एकूण माझे बरे चालले होते.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास एक आकडा आमच्या घरात आला. पूर्वीसारखा लिफाफ्यातून नव्हे. मोबाइलवर टिंग असे वाजले आणि आला. वर अक्काचे नाव, खाली तपासणीचे नाव सीए-१२५, त्यापुढे आढळलेले प्रमाण ११८०, आणि शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरांत: योग्य प्रमाण ३५ पर्यंत.

पस्तीस! ज्या आकड्यासाठी दहावीला मी मारुतीला नारळ कबूल केला होता, तोच हा. फरक इतकाच की आमच्या परीक्षेत पस्तीसच्या खाली गेलेला नापास, आणि या परीक्षेत पस्तीसच्या वर गेलेला.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो, आणि अक्काला मंठ्याला सासरी येऊन चार वर्षे झाली होती. ती माहेरी आली, तेरावा होईपर्यंत राहिली, आणि परत निघताना तिने आपल्या पिशवीबरोबर माझीही पिशवी उचलली. कोणाला विचारले नाही. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पगार बेताचा, घर दोन खोल्यांचे. त्या घरात मी वाढलो, शिकलो, आणि पुढे नोकरीही योगायोगाने याच गावात लागली. त्यामुळे बहीण म्हटले की इतरांना राखी आठवते, मला भाकरीचा पापुद्रा आठवतो. गरम भाकरीचा पहिला पापुद्रा ती नेहमी माझ्या ताटात टाकी.

त्या वर्षी गणपतीपासून ती अर्ध्या भाकरीवर हात धुऊ लागली. पोट भरल्यासारखे वाटते, म्हणाली. मग पोट फुगलेले दिसू लागले. वय झाले की पोट सुटायचेच, असे म्हणून तिने परकराची नाडी सैल केली आणि ओवा आणि काळे मीठ सुरू केले. एका डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर आणखी दिल्या. असे चार महिने गेले. त्या डॉक्टरांना मी आज फारसा दोष देत नाही. या रोगाची खोडच अशी आहे की तो दाराची कडी वाजवीत नाही. बीजांडकोश, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले अंडाशय, पोटाच्या तळाशी अशा जागी असते की तिथे काही वाढले तरी बराच काळ कोणाची अडचण होत नाही. बहुतेक बायकांत रोग पसरल्यावरच उघडकीला येतो.

शेवटी जालन्याला सोनोग्राफी झाली, पोटात पाणी दिसले, रक्त तपासायला दिले आणि तो आकडा आला. तो घेऊन आम्ही पुन्हा जालन्याला गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलणे जुन्या वैद्यासारखे सावकाश. "एवढ्यावरून कॅन्सर आहे असं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "पोटाचा क्षय असला तरी हा आकडा वाढतो. गर्भाशयाच्या अस्तराचं दुखणं असलं तरी वाढतो, यकृत बिघडलं तरी वाढतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

आता मौज पाहा. परतीच्या एस. टी.त खिडकीशी बसून मी सारा रस्ता देवाची करुणा भाकीत होतो, की निदान क्षय निघू दे! ज्या रोगाच्या नुसत्या नावाने आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडचे पाणी पळत असे, तो रोग मी सख्ख्या बहिणीसाठी मागत होतो; कारण त्यावर आता औषध आहे आणि ते घेतले की माणूस बरा होतो. आणि मराठीच्या मास्तराला अशा वेळीही सुचायचे तेच सुचते. 'निदान' हा शब्द मोठा विलक्षण आहे. वैद्याने रोग ओळखला की ते निदान, आणि माणसाची मागणी कमी होत होत शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली की तेही निदान. निदान क्षय असो. निदान ऑपरेशन होण्याजोगे असो. निदान भाचीचे लग्न होईपर्यंत तरी. आमच्या घरात हे दुसरे निदान आधी झाले आणि पहिले मागाहून.

छत्रपती संभाजीनगरला तुकडा तपासला गेला. क्षय नव्हता.

रोगाचे नाव सांगितले तेव्हा अक्का थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे स्मिता तळवलकरांना झाला होता तोच ना?" दूरदर्शनवर बातम्या सांगणाऱ्या स्मिताबाई तिला फार आवडत, 'चौकट राजा' तिने तीनदा पाहिला होता. ६ ऑगस्ट २०१४ रोजी स्मिताबाई गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत आजाराचे नाव छापून आले होते. मी ते वाचून विसरलो होतो.

ज्याला गणित येत नाही तो इतिहास विचारतो. या आकड्याचे कुळगोत्र शोधायला मी बसलो. १९७५ साली केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन या दोघांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती काढली. त्यांना १९८४ साली नोबेल मिळाले. प्रतिपिंड म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांतल्या प्रत्येकाला एकच चेहरा ओळखता येतो, पण तो मात्र हजारांत ओळखता येतो. अमेरिकेत बोस्टनला रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती बीजांडकोशाच्या कर्करोगावर चालवून पाहिली. त्या कर्करोगाच्या पेशी उंदरांना टोचायच्या, मग जे पहारेकरी तयार होतील ते एकेक वेगळे करायचे, आणि रोगाच्याच पेशींना नेमका कोण चिकटतो ते पाहायचे. मनासारखा निघाला तो एकशे पंचविसावा. १९८१ साली त्याची हकिकत प्रसिद्ध झाली, आणि त्याने ओळखलेल्या प्रथिनाला त्याचाच क्रमांक कायमचा चिकटला. म्हणजे या १२५ मध्ये गूढ असे काही नाही. तो हजेरीपटावरचा नंबर आहे. हे वाचून मला उगाचच बरे वाटले. एकशे पंचवीस नंबरची मुले आमच्या वर्गातही असतात. ती मागच्या बाकावर बसतात आणि त्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा करीत नाही.

या खटाटोपासाठी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत ठेवाव्या लागतात. ही विद्या आपल्या देशात रुजवणाऱ्या एक मराठी बाई होत्या, हे अक्का आजारी पडेपर्यंत मला ठाऊक नव्हते. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्मल्या. हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनला कॉलेज. लग्नानंतर मुंबईला आल्या, डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या, आणि परत येऊन परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. माझ्या शाळेच्या पुस्तकात कवी पुष्कळ होते, ते असावेतच. पण या बाईंवर एखादा धडा असता तर जालन्याच्या दवाखान्यात मी इतका अडाणी ठरलो नसतो.

बरे, ते प्रथिन स्वतः काही दुष्ट नाही. निरोगी माणसाच्या अंगातही ते असते. छातीच्या आणि पोटाच्या पोकळीला आतून जे अस्तर असते, त्यावर ते असते. आणि डोळ्याचा पृष्ठभाग ओलसर, बुळबुळीत राहतो तोही काही अंशी त्याच्यामुळे. कर्करोगाच्या पेशी ते भरमसाट तयार करतात, त्याचे तुकडे रक्तात उतरतात, आणि तेच आपण मोजतो. अक्काचा रिपोर्ट वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांवरही तेच प्रथिन होते, ही गोष्ट कळल्यावर मी काही वेळ पुस्तक मिटून ठेवले.

पस्तीसची रेघ १९८३ साली मारली गेली. बास्ट यांच्या मंडळींनी ८८८ निरोगी माणसांचे रक्त तपासले; शंभरात एकाचाच आकडा पस्तीसच्या वर निघाला. हा रोग असलेल्या १०१ बायकांत मात्र शंभरी ८२ जणींचा वर होता. हे मी घरी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले, तेव्हा आमच्या मंडळींनी ताबडतोब विचारले, "मग मीही तपासून घेऊ का?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो इंग्लंडातल्या डॉक्टरांनाही पडला होता. २००१ ते २००५ या काळात त्यांनी ब्रिटनमधल्या २ लाखांहून अधिक बायकांना एका अभ्यासात घेतले. काहींचे रक्त दरवर्षी तपासले, काहींची सोनोग्राफी केली, काहींचे काहीच केले नाही. अखेरचा निकाल २०२१ साली आला. तपासण्या करून या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नव्हते. रोग लहान असतो तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांत हा आकडा वाढलेलाच नसतो, आणि ज्यांचा वाढतो त्यांतल्या कित्येकींना हा रोग नसतो. म्हणून धडधाकट बाईने उगाच ही तपासणी करू नये, असेच सांगतात. पण अर्ध्या भाकरीवर हात धुणे आणि पोट फुगणे हे दोन-तीन आठवडे सारखे चालले, तर ओव्याच्या नादी लागू नये. हे मात्र मी आता दिसेल त्या बाईला सांगतो, आणि कॉलेजात त्यामुळे माझी थोडी थट्टाही होते.

औषधे सुरू झाली. तीन वेळा औषध, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन वेळा औषध. दर एकवीस दिवसांनी पहाटे निघायचे, रात्री परतायचे. त्या दिवसांबद्दल फार लिहिण्याची इच्छा नाही. ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी झालेले नाही त्यांच्या दिवाळीत ते कशाला?

पण आकड्यांचे सांगतो. ११८० चे दुसऱ्या औषधाच्या आधी ४१० झाले, तिसऱ्याच्या आधी ९२. मी हे सारे दोनशे पानी वहीत लिहू लागलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी वही पाहिली, हसले, आणि मागच्या पानावर पेन्सिलीने एक रेघ काढली: वरून खाली येणारी. म्हणाले, "सर, आकडा किती मोठा होता हे मी फार धरून बसत नाही. पहिल्या शंभर दिवसांत तो किती वेगानं खाली येतो, ते बघायचं." फ्रान्समध्ये लिऑनच्या बेन्वा यू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे गणित बसवले आहे. औषध चालू झाल्यापासून शंभर दिवसांत निदान तीन वेळा रक्त तपासायचे आणि त्यावरून उतरण्याचा वेग काढायचा. वेग चांगला असेल तर रोग औषधाला बधतो आहे. रेघ आडवीच चालली असेल तर रोग औषधाचे ऐकत नाही, आणि डॉक्टरांनी पुढचा बेत वेगळा करावा हे बरे. माणसाचे पुढे काय होणार याचा अंदाज त्या पहिल्या आकड्यापेक्षा या रेघेवरून अधिक चांगला येतो.

मी रेघेकडे पाहतच राहिलो. 'दुखण्याला उतार पडला' असे आपल्या आज्या म्हणत. विषावर उतारा देत. कोणत्या फ्रेंच गणितज्ञाने त्यांना सांगितले होते, की आजार किती उंच चढला हे विचारू नका, उतार कसा आहे ते विचारा? अक्काला मी हे मोठ्या कौतुकाने सांगितले. ती उशीला टेकून बसली होती, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. म्हणाली, "बापू, उतार चांगला आहे ना? मग ब्रेक लागतो का ते बघ." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. डॉक्टरांनीही पेन्सिल ठेवता ठेवता सांगितले होते, की हे अंदाज शंभर बायकांचे असतात. त्यांतली आपली कोणती, हे रेघ सांगत नाही. आता आणखी प्रथिनांचा शोध चालू आहे. एचई-४ नावाचे एक तर मूळ पुरुषाच्या शरीरात सापडले आणि उपयोगी पडते बायकांच्या रोगात. गर्भाशयाच्या अस्तराच्या दुखण्यात ते सीए-१२५ सारखे फसवत नाही म्हणतात. पण अक्का विचारीत होती ते सांगणारे प्रथिन अजून कोणाला सापडलेले नाही.

औषधे संपली तेव्हा आकडा १४ होता. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो १२ होता. अक्काच्या डोक्यावर केसांची बोटभर लव आली होती. तिने पाट मांडला, निरांजन लावले, आणि मला ओवाळून नेहमीप्रमाणे म्हणाली, "औक्षवंत हो." मी खाली पाहत होतो. तिने कपाळावर जरा जोरातच अक्षता दाबल्या.

पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. जानेवारीत १३ आला. एप्रिलमध्ये १६.

सोळा म्हणजे पस्तीसच्या कितीतरी खाली. डॉक्टर म्हणाले, इतका फरक यंत्रानेही पडतो. पण माझी झोप गेली. वहीत मी १२, १३, १६ या तीन आकड्यांवर रेघ काढली आणि ती वर जात होती. वर्गात भुजंगप्रयातात एक गण जास्त घातला, मुलांनी तो निमूटपणे लिहून घेतला. तपासणीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. दाजींचा रक्तदाब वाढला. ज्या बाईसाठी हे चालले होते ती मात्र वाळवणे घालीत होती.

जुलैत डॉक्टरांनी स्वतःच विषय काढला. बहुधा त्यांना आमचे चेहरे वाचता येत असावेत. २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. उपचार संपलेल्या बायकांचे रक्त दर तीन महिन्यांनी काढले, पण आकडा त्यांना सांगितला नाही, त्यांच्या डॉक्टरांनाही सांगितला नाही. तो योग्य मर्यादेच्या दुप्पट झाला की चिठ्ठ्या टाकाव्यात तशा ५२९ बायकांच्या दोन वाटण्या केल्या. एकीला सांगून लगेच औषध सुरू केले. दुसरीला काहीच सांगितले नाही. त्रास सुरू झाला तेव्हा औषध दिले. पहिलीला सुमारे पाच महिने आधी कळले होते. आणि जगल्या किती, तर पहिल्या वाटणीत मध्यमान २५.७ महिने आणि दुसऱ्या वाटणीत २७.१; म्हणजे फरक नाहीच. उलट आधी औषध घेतलेल्यांचे बरे वाटण्याचे दिवस आधी संपले. "त्यानंतर नवी औषधं आली आहेत," डॉक्टर म्हणाले. "रोग परतला तर काही निवडक बायकांना दुसऱ्या ऑपरेशनचाही फायदा होतो. त्यामुळे आमच्यात एकमत नाही. काहीजण तपासा म्हणतील. मी चिठ्ठी लिहून देतो. करायची की नाही ते तुम्ही ठरवा. त्रास झाला तर मात्र त्याच दिवशी या."

चिठ्ठी अक्काने घडी करून कमरेला खोचली. मंठ्याला परतेपर्यंत ती बोलली नाही. घरी चहा झाल्यावर म्हणाली, "मी नाही तपासणार."

मी रागावलो. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. "कळलेलं बरं नाही का?"

"कळून तू काय करशील?"

"औषध आधी सुरू करता येईल."

"ऐकलं नाहीस का ते काय म्हणाले? पाच महिने आधी कळलं म्हणून त्या पाच महिने जास्त जगल्या नाहीत. पाच महिने जास्त आजारी राहिल्या." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "चार महिने ओवा खाल्ला तो खाल्ला. आता पोटात जरा काही झालं तर लपवणार नाही, तुझी शपथ. पण तो आकडा माझ्या अंगातला आणि झोप तुझी उडती, हे मला बघवत नाही."

दाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि तो पुन्हा न घालताच हातात धरून बसले.

मला तिचे पटले का? पूर्ण पटले असे म्हणता येत नाही. आजही रात्री कधी वाटते, की हळूच तिला तयार करावे, एकदाच तपासावे. वही टाकून दिलेली नाही. सोळाच्या खालची ओळ रिकामी आहे. आता मी आकड्याऐवजी तिच्या ताटाकडे पाहतो. परवा दीड भाकरी खाल्ली. मी मोजतो आहे हे तिला कळते; म्हणून कधी कधी ती मुद्दाम चतकोर जास्त घेते, असा मला संशय आहे.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो तर भाची अनारशांचे तांदूळ कुटत होती आणि अक्का मोढ्यावर बसून सूचना देत होती. "बापू, जाता जाता किराणा सांगून ये," म्हणत तिने माझ्या हातात एक कागद दिला. रवा अडीच किलो, मैदा, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याच्या दोन वाट्या, वेलदोडे, असे बरेच काही तिच्या गोल अक्षरात लिहिलेले होते. रस्त्यात सहज कागद उलटा केला. पलीकडे डॉक्टरांचे अक्षर होते: अक्काचे नाव, आणि खाली सीए-१२५.

दुकानात दिवाळीची गर्दी. दुकानदाराने यादी वरून खाली वाचली, सामान काढले, बेरीज केली, आणि सवयीप्रमाणे कागद समोरच्या तारेत खोचून टाकला. मी तो परत मागितला नाही. अक्का अनारशांची खसखस लिहायला विसरली होती. तेवढी आठवणीने मागून घेतली.